टिडलीविकी : स्वतःच्या वहीत स्वतः घडविलेली बटणे

टिडलीविकी ही वैयक्तिक टिपणे ठेवण्यासाठीची मुक्त संगणकप्रणाली होय. जेरेमी रस्टन या ब्रिटिश तंत्रज्ञाने सप्टेंबर २००४ मध्ये तिची पहिली आवृत्ती प्रसिद्ध केली. अवघी वही एकाच एचटीएमएल फाइलमध्ये सामावलेली असते, हे तिचे वेगळेपण. ही फाइल ब्राउझरमध्ये उघडली की वही वाचता येते, नव्या नोंदी करता येतात, जुन्या शोधता येतात. आणि हे सारे घडवून आणणारी आज्ञावलीही त्याच फाइलच्या पोटात असते. त्यामुळे पेनड्राइव्हवर घालून वही कोठेही नेता येते. विकिपीडियासारख्या सार्वजनिक विकीशी तिचे नाते दुवे जोडण्याच्या पद्धतीपुरते आहे. येथे लेखक, संपादक आणि वाचक बहुधा एकच व्यक्ती असते.

वहीतील प्रत्येक नोंदीला ‘टिडलर’ असे नाव आहे. इंग्लंडमध्ये ओढ्यानाल्यांत सापडणाऱ्या चिमुकल्या माशाला हा शब्द वापरतात. नोंद छोटी असावी, एका गोष्टीपुरती असावी, आणि अशा अनेक नोंदी एकमेकींना जोडून मोठे लेखन उभे राहावे, ही कल्पना या नावामागे आहे. प्रत्येक टिडलरला शीर्षक, मजकूर, निर्मितीची व शेवटच्या बदलाची वेळ असे ठरलेले रकाने असतात. शिवाय वापरणाऱ्याला हवे ते रकाने जोडता येतात. नोंदींचे गट पाडण्यासाठी त्यांना खुणा, म्हणजे टॅग, लावता येतात.

वहीत पाच-पन्नास नोंदी असतात तोवर सर्व कामे हाताने करणे जड जात नाही. नोंदींची संख्या शेकड्यांत गेली की तीच तीच कामे छळू लागतात. नोंद संपादनासाठी उघडायची, रकाना शोधायचा, त्यात आजची तारीख टंकित करायची, एक खूण काढून दुसरी लावायची, नोंद मिटवायची. दहापैकी एका वेळी तारीख चुकते, एखादे वेळी खूणच राहून जाते, आणि पुढे शोध घेताना ती नोंद सापडत नाही. ज्या वहीवर विसंबायचे तीच अशी बेभरवशाची होत जाते. या कामांसाठी वापरणाऱ्याने स्वतः बटणे लिहावीत, हा टिडलीविकीचा मार्ग आहे. ती बटणे एका नोंदीपुरती न लिहिता सर्व नोंदींना पुरतील अशी कशी लिहावीत, हा या लेखाचा विषय.

हायपरकार्डचा वारसा

स्वतःच्या टिपणांत स्वतः बटण बसविण्याची कल्पना टिडलीविकीहून जुनी आहे. बिल अ‍ॅटकिन्सन यांनी घडविलेले आणि अ‍ॅपल कंपनीने १९८७ मध्ये मॅकिन्टॉश संगणकासाठी आणलेले हायपरकार्ड हे तिचे प्रसिद्ध रूप. त्यात माहिती कार्डांवर लिहिली जाई, कार्डांचा गठ्ठा बने आणि कार्डावर कोठेही बटण ठेवून त्यामागे ‘हायपरटॉक’ या जवळजवळ बोली इंग्रजीसारख्या भाषेत सूचना लिहिता येत. शिक्षक, ग्रंथपाल, छोटे व्यावसायिक अशा प्रोग्रॅमिंगशी एरवी संबंध नसलेल्या असंख्य लोकांनी त्यावर आपापल्या कामाची साधने रचली. वॉर्ड कनिंगहॅम यांनी मार्च १९९५ मध्ये पहिले विकी सुरू केले, त्याची बीजेही त्यांनी आधी हायपरकार्डमध्ये केलेल्या प्रयोगांत होती.

हायपरकार्डचा शेवट मात्र बोधप्रद आहे. अ‍ॅपलने मार्च २००४ मध्ये त्याची विक्री थांबविली. नव्या मॅक ओएस एक्स प्रणालीसाठी ते कधी तयारच झाले नाही. जुन्या प्रणालीचा आभास निर्माण करणाऱ्या सोयीवर ते काही वर्षे तगून राहिले आणि ती सोयही गेल्यावर गठ्ठे उघडणे सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेर गेले. कार्डांवरचा मजकूर कसाबसा बाहेर काढता आला, तरी त्यांमागची बटणे निर्जीव झाली. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात टिडलीविकी अवतरली हा योगायोग. परंतु वही आणि तिची आज्ञावली एकाच फाइलमध्ये ठेवण्याचा तिचा आग्रह या पार्श्वभूमीवर अधिक अर्थपूर्ण वाटतो.

अर्थात टिडलीविकीलाही खंड पडला आहे. २००४ पासूनच्या मूळ आवृत्तीत बटणे प्रामुख्याने जावास्क्रिप्ट भाषेतून लिहिलेल्या मॅक्रोंवर आणि जोडण्यांवर अवलंबून होती. पुढे सारी प्रणाली नव्याने लिहिली गेली व २०१४ मध्ये ‘टिडलीविकी ५’ या नावाने स्थिरावली. जुन्या वहीतील मजकूर नव्या वहीत आणता आला. जुन्या जोडण्या मात्र चालेनाशा झाल्या. नव्या रचनेत नोंदीच्या मजकुरात लिहिलेली जावास्क्रिप्ट चालविलीच जात नाही. त्याऐवजी ‘विजेट’ नावाचे तयार घटक एकमेकांत बसवून बटण रचावे लागते. प्रोग्रॅमरांना हे बंधन जाचते. परंतु कोणाकडून आणलेली नोंद उघडताच तिच्यातील अनोळखी आज्ञा आपोआप सुरू होऊ नये, याचे मोल वैयक्तिक वहीत फार आहे.

बटणाची घडण

बटणाचे दोन भाग असतात. बाहेरचा भाग म्हणजे ‘बटन’ विजेट. तो पडद्यावर दिसतो आणि क्लिक झाल्याची दखल घेतो. त्याच्या आत एक वा अनेक ‘क्रिया-विजेट’ असतात. रकान्यात मूल्य भरणारे ‘अ‍ॅक्शन-सेटफील्ड’, नवी नोंद निर्माण करणारे ‘अ‍ॅक्शन-क्रिएटटिडलर’, यादीत भर घालणारे वा यादीतून वगळणारे ‘अ‍ॅक्शन-लिस्टऑप्स’, एखाद्या नोंदीकडे नेणारे ‘अ‍ॅक्शन-नॅव्हिगेट’ आणि प्रणालीला निरोप पाठविणारे ‘अ‍ॅक्शन-सेंडमेसेज’ ही त्यांतील नेहमी लागणारी मंडळी. ती पडद्यावर दिसत नाहीत. क्लिक होताच लिहिलेल्या क्रमाने एकामागून एक काम करतात. प्रत्यक्ष लिहिताना ही सर्व नावे रोमन लिपीत व कोनी कंसांत लिहावी लागतात.

उदाहरणादाखल पुस्तकांची नोंदवही घेऊ. प्रत्येक पुस्तकाची एक नोंद आहे, तिला ‘पुस्तक’ अशी खूण आहे. वाचन संपले की ‘स्थिती’ या रकान्यात ‘वाचले’ असे मूल्य आणि ‘वाचल्याची-तारीख’ या रकान्यात त्या दिवसाची तारीख यावी, एवढीच अपेक्षा. एका नोंदीत असे बटण लिहिणे दहा मिनिटांचे काम आहे. बटन विजेट, त्यात दोन सेटफील्ड क्रिया. दुसरीत तारीख देण्यासाठी ‘नाऊ’ हा प्रणालीतच असलेला मॅक्रो. तारखेचा साचा वर्ष, महिना, दिवस या क्रमाने ठेवल्यास पुढे क्रमवारी लावताना त्रास होत नाही.

नवशिके येथून पुढे हमखास एक मार्ग धरतात. हा मजकूर उचलून ते दुसऱ्या पुस्तकाच्या नोंदीत चिकटवतात, मग तिसऱ्या. दोनशे पुस्तकांत बटणाच्या दोनशे प्रती होतात. सहा महिन्यांनी ‘वाचले’ऐवजी ‘पूर्ण’ असा शब्द हवासा वाटला, की दोनशे ठिकाणी दुरुस्ती आली. बहुतेक वेळा ती होत नाही, आणि वहीत दोन तऱ्हांची बटणे व दोन तऱ्हांची मूल्ये नांदू लागतात. ‘वाचले’ असा शोध घेतला तर अर्धी पुस्तके सापडतात. नुकसान असे मूकपणे होते. प्रणाली कोणतीही चूक दाखवीत नाही, कारण तिच्या दृष्टीने काहीच चुकलेले नसते.

उपाय साधा आहे. बटणाचा मजकूर एका स्वतंत्र टिडलरमध्ये ‘व्याख्या’ म्हणून ठेवायचा, त्या व्याख्येला नाव द्यायचे आणि हवे तेथे ते नाव दुहेरी कोनी कंसांत लिहून बटण बोलवायचे. व्याख्येच्या टिडलरला प्रणालीने ठरवून दिलेली ‘मॅक्रो’ किंवा नव्या आवृत्तींत ‘ग्लोबल’ ही खूण लावली की ती व्याख्या वहीभर उपलब्ध होते. व्याख्येत कोणत्याही नोंदीचे नाव लिहायचे नाही, ही यातील कळीची गोष्ट. सेटफील्ड क्रियेला नोंद सांगितली नाही, तर ती बटण ज्या नोंदीत दिसत आहे त्या चालू नोंदीवरच काम करते. त्यामुळे एकच व्याख्या दोनशे पुस्तकांत दोनशे वेगवेगळी कामे बिनचूक करते.

याहून एक पायरी पुढे जाता येते. व्याख्येच्या टिडलरऐवजी बटणाच्या टिडलरला ‘व्ह्यू टूलबार’ ही प्रणालीची खूण लावली, की ते बटण प्रत्येक नोंदीच्या शीर्षपट्टीत आपोआप उमटते. कोणत्याही नोंदीत काही लिहावे लागत नाही. मात्र तसे ते किराणा मालाच्या यादीवरही उमटेल! म्हणून बटणाभोवती एक चाळणी बसवावी लागते : चालू नोंदीला ‘पुस्तक’ ही खूण असेल आणि ‘वाचल्याची-तारीख’ हा रकाना रिकामा असेल, तरच बटण दाखवावे. या चाळणीतील दुसरी अट पहिलीहून महत्त्वाची आहे. ती नसेल तर तीन वर्षांपूर्वी वाचलेल्या पुस्तकावर चुकून बोट पडताच जुनी तारीख पुसली जाऊन आजची तारीख बसते. अट असेल तर काम झाल्यावर बटण नाहीसेच होते.

पॅरामीटरांची मात्रा

पुस्तकांसाठी केलेले बटण विजेच्या बिलांसाठी, औषधांसाठी, पत्रव्यवहारासाठीही वापरता आले तर? काम तेच आहे. रकान्याचे नाव, भरायचे मूल्य आणि बटणावरचा शब्द तेवढे बदलतात. बदलणाऱ्या या गोष्टी व्याख्येत पॅरामीटर म्हणून ठेवता येतात आणि बोलविताना पुरविता येतात. पॅरामीटरला आधीच एक मूल्य देऊन ठेवण्याची सोय आहे. नेहमीच्या कामात मग काहीच पुरवावे लागत नाही.

येथे टिडलीविकीच्या दोन पिढ्यांतील फरक जाणून घ्यायला हवा. जुन्या ‘डिफाइन’ पद्धतीच्या मॅक्रोत पॅरामीटरचे मूल्य व्याख्येच्या मजकुरात शब्दशः घातले जाते, जणू कोणी मोकळ्या जागेत अक्षरे भरून दिली. त्या मूल्यात अवतरणचिन्ह असेल तर ते व्याख्येतील अवतरणचिन्हांशी भिडते आणि बटण मोडते. पुस्तकांच्या व लेखांच्या शीर्षकांत अवतरणचिन्हे ठायी ठायी असतात. त्यामुळे महिनाभर नीट चाललेले बटण एखाद्याच शीर्षकावर अडते आणि कारण उमगत नाही. २०२३ मध्ये आलेल्या ५.३.० या आवृत्तीने ‘प्रोसीजर’ हा नवा प्रकार दिला. त्यात पॅरामीटर हे चल म्हणून वागतात, अक्षरांची भरणी होत नाही, आणि ही अडचण मुळातच उरत नाही. जुने मॅक्रो आजही चालतात, पण नवे बटण लिहिणाऱ्याने प्रोसीजरचीच वाट धरावी.

पॅरामीटर किती असावेत याला नियम नाही. दोन-तीन पॅरामीटरांपर्यंत बटण समजते. रकाना, मूल्य, खूण, नवी नोंद करायची की नाही, कोठे जायचे, कोणता रंग, कोणती सूचना असे सात-आठ झाले, की बटण बोलविणे हेच मूळ बटण लिहिण्याइतके अवघड होऊन बसते. सर्वांना पुरेल असे एकच अजस्र बटण रचण्याचा मोह हुशार माणसांना अधिक होतो. त्यापेक्षा तारीख भरणारी एक छोटी व्याख्या, खूण बदलणारी दुसरी, आणि त्या दोहोंना बोलविणारे प्रत्येक कामाचे आपले बटण, ही मांडणी अधिक टिकाऊ ठरते. वर्षभराने ती उघडून पाहणारा माणूस तोच असला, तरी आपण काय लिहिले होते हे तो विसरलेला असतो. व्याख्येच्या टिडलरमध्ये दोन ओळींत तिचे प्रयोजन मराठीत लिहून ठेवायला काहीच मोल पडत नाही.

शिकण्याचा एक उत्तम मार्ग वहीतच असतो. नवी नोंद, संपादन, जतन यांची प्रणालीने दिलेली बटणेही टिडलरच आहेत. ती उघडून वाचता येतात. त्यांत फेरफार केला आणि तो फसला, तर बदललेला टिडलर काढून टाकताच मूळ बटण परत येते.

क्लिक झाले, पण जतन झाले का?

टिडलीविकीत नोंद बदलल्यावर ‘पूर्ववत करा’ अशी आज्ञा नाही. संपादनाच्या चौकटीत टंकलेखन मागे घेता येते, परंतु बटणाने रकान्यात भरलेले मूल्य मागे घेता येत नाही. ‘अ‍ॅक्शन-डिलीटटिडलर’ ही क्रिया तर काहीही न विचारता नोंद काढून टाकते. नेहमीच्या वापराच्या बटणात ही क्रिया ठेवू नये, ठेवायचीच तर तिच्याभोवती ‘अ‍ॅक्शन-कन्फर्म’ हे खात्री करून घेणारे विजेट असावे. शक्यतो ‘रद्द’ अशी खूण लावून नोंद बाजूला सारणारे बटण लिहावे आणि खरोखरीची साफसफाई फुरसतीने हाताने करावी.

याहून अनेकांना अनपेक्षित असणारी गोष्ट जतन करण्याविषयी आहे. एका फाइलच्या वहीत बटणावर क्लिक केल्याने बदल होतो तो ब्राउझरच्या स्मृतीत. डिस्कवरील फाइल तशीच असते. हाताने संपादन करून नोंद मिटविली की स्वयंजतन होते, कारण ती कृती तसा निरोप प्रणालीला देते. सेटफील्ड क्रिया असा निरोप देत नाही. म्हणून दिवसभर ‘वाचले’ची बटणे दाबून झाल्यावर अचानक वीज गेली, तर एकही तारीख फाइलमध्ये नसल्याचे आढळू शकते. बटणाच्या शेवटी स्वयंजतनाचा निरोप देणारी ‘सेंडमेसेज’ क्रिया घातली की हा धोका टळतो. व्याख्या एकच असल्याने ही ओळ एकदाच घालावी लागते. पुनर्वापराचा खरा लाभ अशा वेळी कळतो.

स्वयंजतन तरी चालते कशाच्या बळावर, हाही प्रश्न आहेच. ब्राउझर सुरक्षिततेसाठी पानांना डिस्कवर थेट लिहू देत नाहीत. फायरफॉक्समध्ये ‘टिडलीफॉक्स’ ही जोडणी वर्षानुवर्षे हे काम करीत होती. नोव्हेंबर २०१७ मध्ये आलेल्या ५७व्या आवृत्तीने जुन्या धर्तीच्या जोडण्या बंद केल्या आणि ती निकामी झाली. तेव्हापासून वेगवेगळे उपाय प्रचारात आले. नोड जेएसवर वही चालविली तर प्रत्येक नोंद वेगळ्या फाइलमध्ये आपोआप जतन होते. मार्ग कोणताही असो, बटण नवे असेल तर ते आधी वहीच्या प्रतीवर चालवून पाहावे. अवघी वही एकच फाइल असल्याने प्रत काढायला काही क्षण पुरतात.

आणखी दोन बारकावे आहेत. सेटफील्ड क्रिया नोंदीची ‘शेवटचा बदल’ ही वेळही बदलते. एका बटणाने शंभर जुन्या नोंदींत काही भरले, तर ‘अलीकडील’ या यादीत त्या शंभर नोंदी वर येऊन बसतात आणि खरोखर हाताळलेल्या नोंदी दिसेनाशा होतात. वेळ न बदलण्याची सूचना क्रियेला देता येते. दुसरे असे, की एखादी नोंद संपादनासाठी उघडी असताना अन्यत्र असलेल्या बटणाने तिच्यात बदल केला, तर संपादन मिटविताना तो बदल पुसला जातो. कारण संपादन एका वेगळ्या कच्च्या प्रतीवर चालू असते आणि मिटविताना ती प्रत मूळ नोंदीची जागा घेते.

देवनागरीतील वही

शीर्षके, खुणा आणि मजकूर देवनागरीत लिहिण्यास टिडलीविकी ५ मध्ये अडचण नाही. रकान्यांच्या नावांची गोष्ट मात्र वेगळी होती. २०२१ मध्ये ५.२.० ही आवृत्ती येईपर्यंत रकान्याच्या नावात रोमन लहान अक्षरे, अंक आणि मोजकी चिन्हे एवढेच चालत असे. त्यामुळे मराठी वहीतही ‘स्थिती’ रोमन अक्षरांत लिहावी लागे, आणि एकच शब्द कोणी एका ईने तर कोणी दोन ईंनी लिहिल्यास दोन वेगळे रकाने तयार होत. हे बंधन त्या आवृत्तीपासून उठले. तरीही ऱ्हस्व-दीर्घाचा प्रश्न शिल्लक आहे : ‘स्थिती’ आणि ‘स्थिति’ हे संगणकाच्या लेखी दोन निरनिराळे रकाने होत. रकान्याचे नाव बटणाच्या व्याख्येत एकदाच लिहिले आणि हाताने कोठेही लिहिले नाही, तर हा घोळ होत नाही.

एका वहीत घडविलेले बटण दुसऱ्या वहीत नेणे सोपे आहे. दोन्ही वह्या दोन खिडक्यांत उघडून व्याख्येच्या टिडलरचा दुवा एकीतून ओढून दुसरीत सोडला की आयातीची यादी दिसते व संमती दिल्यावर तो टिडलर खुणांसह तेथे दाखल होतो. त्याच शीर्षकाचा टिडलर तेथे आधीपासून असेल तर नवा त्याची जागा घेतो, म्हणून यादी वाचूनच संमती द्यावी. बटण ज्या छोट्या व्याख्यांना बोलविते त्या मात्र आपोआप सोबत येत नाहीत. त्यांच्यासाठी एक समान खूण ठरवून ठेवली, तर त्या खुणेच्या सर्व टिडलरांची एकत्रित फाइल काढून ती नव्या वहीत एकाच वेळी आयात करता येते.